'नो केन': एका साखर कारखान्याचं प्रकरण आणि विकासवादी राज्याची अडचण

साखर कारखान्याच्या पाळीच्या नोंदवहीत एक रकाना असतो: गाळप किती तास बंद राहिलं आणि कशामुळे. कारणं ठरलेली असतात. यंत्राचा बिघाड, बॉयलरची साफसफाई, पाऊस, आणि 'नो केन', म्हणजे ऊसच नाही. ज्या कारखान्याबद्दल इथे लिहितो आहे, त्याच्या एका हंगामाच्या वहीत जानेवारीच्या पानांवर 'नो केन' इतक्या वेळा आलं होतं की लिहिणाऱ्या केमिस्टने पुढे नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहायला सुरुवात केली होती. जानेवारी म्हणजे हंगामाचा भर. त्या महिन्यात गव्हाण, म्हणजे ऊस आत नेणारा पट्टा, रिकामी फिरत असेल तर गणित मुळातच चुकलेलं असतं.

मी तेव्हा सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो आणि त्या कारखान्याचं लेखापरीक्षण माझ्याकडे होतं. ओळख पटू नये म्हणून तालुका सांगत नाही, वर्षं ढोबळ ठेवली आहेत, माणसांची नावं नाहीत. मराठवाड्यातला एक सहकारी कारखाना, एवढं पुरे.

पार्श्वभूमी

राज्याने स्वतः पुढाकार घेऊन उद्योग उभे करायचे, भांडवल आणि कर्ज ठरवलेल्या दिशेने वळवायचं, ही कल्पना अर्थशास्त्रात 'विकासवादी राज्य' या नावाने ओळखली जाते. जपानच्या उद्योग मंत्रालयाचा अभ्यास करून चाल्मर्स जॉन्सन यांनी 1982 मध्ये ती मांडली आणि पुढे दक्षिण कोरिया, तैवान यांची उदाहरणं तिला जोडली गेली. आपल्याकडे या चर्चेत पंचवार्षिक योजना आणि परवाना राज यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण तालुक्याच्या पातळीवर राज्याने उद्योग कसा उभा केला हे बघायचं असेल, तर महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्याइतकं जवळचं उदाहरण नाही.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. तिथे शेतकऱ्यांनी आधी पदरमोड केली, सरकार मागून आलं. नंतरच्या कारखान्यांसाठी त्याचा साचा झाला आणि साच्यात क्रम उलटला. रूढ झालेलं प्रमाण 10:30:60 असं होतं. शंभर रुपयांच्या प्रकल्पात दहा रुपये सभासद शेतकऱ्यांचे, तीस रुपये राज्य शासनाचं भागभांडवल, उरलेले साठ रुपये वित्तीय संस्थांचं मुदत कर्ज. त्या कर्जाला थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर भरण्याची हमी, पुन्हा शासनाचीच. म्हणजे शंभरातल्या नव्वद रुपयांची जोखीम राज्याची आणि कारभार मात्र दहा रुपये भरणाऱ्यांनी निवडून दिलेल्या संचालक मंडळाचा.

यात काही गैर होतं असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो, आजही म्हणत नाही. कोरडवाहू तालुक्यातला शेतकरी शंभरातले दहाही कसेबसे गोळा करतो, बाकीचे राज्याने घालायचे नाहीत तर कुणी? खासगी भांडवल त्या भागात फिरकत नव्हतं. शिवाय 1984 च्या आदेशाने प्रत्येक कारखान्याला ऊस क्षेत्र राखून दिलेलं होतं, बाजूच्या कारखान्याने ऊस पळवायचा नाही. परवाना केंद्राचा, त्यामुळे स्पर्धाही बांधलेली. एखाद्या नव्या उद्योगाला जेवढं संरक्षण देता येतं, तेवढं सगळं दिलेलं होतं.

पहिला निर्णय: कारखाना की आणखी काही

ऐंशीच्या दशकात या कारखान्याचा प्रस्ताव तयार झाला. क्षमता दिवसाला 1250 टन, तेव्हाची सर्वसाधारण क्षमता. हंगाम 160 दिवसांचा धरला तर वर्षाला दोन लाख टन ऊस हवा. हेक्टरी 80 टन ऊस निघाला तर अडीच हजार हेक्टर ऊस दरवर्षी तुटायला तयार पाहिजे. त्या भागात एवढं उत्पन्न सगळ्यांचं नव्हतं, आणि ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो, हे धरलं तर लागणारं क्षेत्र आणि पाणी आणखी वाढतं.

मंजुरीच्या फाइलमध्ये ऊस उपलब्धतेचा तक्ता होता. गावांची नावं, सध्याचं क्षेत्र, 'प्रस्तावित क्षेत्र'. सध्याचं क्षेत्र गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नव्हतं. बाकी सगळं प्रस्तावित, आणि ते एका मध्यम पाटबंधारे प्रकल्पाच्या कालव्यावर अवलंबून. कालव्याची खोदाई काही गावांपर्यंत पोचली होती, वितरिका, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारे फाटे, कागदावर होत्या.

त्या वेळी तीन पर्याय बोलले गेले होते, हे जुन्या प्रोसिडिंगवरून, म्हणजे बैठकांच्या नोंदींवरून, दिसतं. एक, तालुक्यातला ऊस चाळीसेक किलोमीटरवरच्या चालू कारखान्याला द्यायचा आणि त्याची क्षमता वाढवायला मदत करायची. दोन, कारखान्याऐवजी त्या मातीत आधीच पिकणाऱ्या मालावर, म्हणजे तूर, सूर्यफूल, कापूस यांवर प्रक्रिया उद्योग काढायचा. तीन, कारखानाच.

दुसऱ्या पर्यायावर प्रोसिडिंगमध्ये दीड ओळ आहे. 'सदर बाब सभासदांच्या भावनेशी सुसंगत नाही.' भावना समजण्यासारखी होती. शेजारच्या तालुक्यात कारखाना आला तेव्हा त्याच्यामागून रस्ते आले, शाळा आली, पतसंस्था आली आणि आमदारकीही आली. डाळ मिलमागे यातलं काही येत नाही. शासनाच्या योजनेतही 10:30:60 चं तयार दान साखरेला होतं, डाळीला नव्हतं. राज्याने एका पिकाला तराजूत झुकतं माप दिलं की लोक तेच पीक मागतात. यात लोकांचं काय चुकलं?

माझ्या मते पहिली चूक इथे झाली आणि ती संचालकांची नव्हती. जो तक्ता मंजुरीचा आधार होता, तो खोटा ठरला तर काय करायचं, हे मंजुरीत कुठेच नव्हतं. 'कालव्याचं पाणी अमुक हेक्टरवर पोचल्याशिवाय भागभांडवलाचा दुसरा हप्ता नाही' एवढी एक ओळ पुरली असती. हप्ते सुटले ते बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे. चिमणी वर गेली, हप्ता आला.

अडचण कशी दिसू लागली

पहिल्या गाळपाचं मोळीपूजन थाटात झालं. पहिले दोन हंगाम बरे गेले, कारण पाऊस बरा होता आणि विहिरींना पाणी होतं. नंतर गाळप क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं. साखर कारखान्याचा खर्च ऊस कमी आला म्हणून कमी होत नाही. बॉयलर पेटला की पेटला. कामगारांचे पगार, ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना दिलेली उचल, मुदत कर्जाचं व्याज, सगळं तेवढंच राहतं. फक्त ते कमी पोत्यांवर बसतं.

ऊस कमी पडला की तो लांबून आणायचा, वाहतूक वाढवायची. लांबून आलेला ऊस वाळतो, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो. साखरेच्या प्रत्येक पोत्यावर कर्जवसुलीचं टॅगिंग लागलेलं, म्हणजे विक्रीतला ठरलेला हिस्सा थेट कर्जात जाणार, त्यामुळे साखर विकली तरी हातात रोकड येत नाही. मग सभासदांची ऊसबिलं थकतात. बिल थकलं की पुढच्या वर्षी तोच सभासद दुसरीकडे ऊस घालतो किंवा ज्वारीकडे वळतो. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे बिल चौदा दिवसांत द्यायचं असतं. तिथे चौदा आठवड्यांत मिळालं तरी लोक पेढे वाटायच्या बेतात असत.

मुदत कर्जाचा पहिला हप्ता थकला. थकहमी शासनाची, त्यामुळे बँक निवांत होती. बँक निवांत, म्हणून मंडळ निवांत. मंडळात शासनाने नेमलेला संचालक बसत असे. एकदा लेखापरीक्षणाच्या वेळी मी त्यांना विचारलं की तोट्याच्या ठरावांना तुम्ही विरोध का नोंदवला नाही. कारखान्याच्या विश्रामगृहात आम्ही दोघेच होतो, समोर चहा निवत होता.

"साहेब, सही केली तर तुमचा आक्षेप येतो, तो मी दोन वर्षांनी वाचतो," ते म्हणाले. "नाही केली तर बदलीचा कागद दोन दिवसांत येतो. तुम्हीच सांगा, कोणता कागद मोठा?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता माझीही एक गोष्ट सांगून टाकतो. लेखापरीक्षणात संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग देतात. त्या वर्षी माझ्या गुणांच्या बेरजेत कारखाना 'क' मध्ये बसत होता. 'क' गेला असता तर पूर्वहंगामी कर्ज अडलं असतं, हंगाम बुडाला असता आणि उभा ऊस रानात राहिला असता. कार्यकारी संचालक हात जोडून बसले होते. मी येणी वसूल होतील असं गृहीत धरून संशयित बुडीत रकमेची तरतूद कमी दाखवली आणि 'ब' दिला. कुणी पैसे दिले नाहीत, धमकी दिली नाही. उभ्या उसाचं कारण मला खरंच पटलं होतं. पुढच्या प्रत्येक वर्षी ते कारण तितकंच खरं होतं.

दुसरा निर्णय: विस्तार

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक हंगाम अचानक जोरात गेला. पाऊस चांगला, ऊस उदंड, मे उजाडला तरी ऊस तुटेना. शिल्लक उसासाठी मोर्चा निघाला. 1998 मध्ये साखर उद्योगाला परवान्याची सक्ती उठली होती, शेजारी खासगी कारखाना येणार अशी बोलवा होती. मंडळाने ठरवलं की क्षमता दुप्पट करायची, 2500 टन.

कारखाना तोट्यात, जुनं कर्ज थकलेलं आणि सरासरी गाळप निम्म्याच्या थोडं वर. अशा वेळी दुप्पट क्षमता मागायला धाडस लागतं. पण प्रस्तावात तर्क होता: लहान कारखाना परवडत नाही, मोठा परवडेल, शिवाय मळीवर आसवनी, म्हणजे मद्यार्काचा कारखाना, घालता येईल. कागदावर हे बरोबरच आहे. बाराशे पन्नास टनांचे कारखाने पुढे फारसे परवडले नाहीत. फक्त चार लाख टन ऊस कुठून येणार, हा जुनाच प्रश्न नव्या फाइलमध्ये नव्या तक्त्याने झाकला गेला.

त्या टेबलावर पर्याय होते. एका जोराच्या हंगामासाठी शिल्लक ऊस शेजारच्या कारखान्यांना वळवून वाहतूक अनुदान देणं सगळ्यात स्वस्त पडलं असतं. जुनी यंत्रसामग्री नीट करून, दुरुस्तीवर थोडा खर्च करून आहे त्या क्षमतेवर दोन-तीन हंगाम बघता आलं असतं. निदान नव्या हमीच्या बदल्यात जुनी थकबाकी आधी भरायला लावता आली असती. खात्याच्या टिपणीत हे तिन्ही मुद्दे कनिष्ठ पातळीवर लिहिलेले होते. फाइल वर गेली तसे ते आखूड होत गेले आणि शेवटच्या पानावर 'विशेष बाब म्हणून मान्यता' राहिली.

कोरियाशी तुलना केली की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, तिथे शिस्त होती, आपल्याकडे नाही. एवढं सोपं नाही ते. तिथले लष्करशहा पार्क चुंग-ही यांनी 1961 मध्ये सत्ता घेतल्यावर बँका सरकारच्या ताब्यात आणल्या. पुढे निर्यातीचा आढावा ते स्वतः दरमहा बैठक घेऊन करत. स्वस्त कर्ज मिळालेल्या कंपनीने निर्यातीचं लक्ष्य गाठलं नाही तर पुढचं कर्ज आटत असे. निर्यात हे माप असल्यामुळे तक्ता फुगवता येत नाही, परदेशातला ग्राहक माल घेतो किंवा घेत नाही. आमच्या कारखान्याचं माप 'प्रस्तावित क्षेत्र' होतं, आणि ते भरणारा आणि तपासणारा एकाच तालुक्यातले.

पण त्याच कोरियात 1973 मध्ये अवजड आणि रासायनिक उद्योगांची मोहीम सुरू झाली, क्षमता बेसुमार वाढली आणि 1979 मध्ये सरकारला स्वतःच ब्रेक दाबावा लागला. 1985 मध्ये कुकजे या बड्या उद्योगसमूहाचं कर्ज तोडून तो मोडीत काढला गेला, तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतून उतरल्याची ती शिक्षा असल्याचं उघड बोललं गेलं. म्हणजे कर्ज अडवण्याची ताकद असलेलं सरकार ती ताकद नेहमी कामगिरी बघूनच वापरतं असं नाही. आणि 1972 नंतर तिथे निवडणुकीत हरण्याची भीती जवळपास नव्हती. आमच्याकडे कारखान्याचा अध्यक्ष हाच मतदारसंघाचा कणा. त्याच्यावर शिस्त आणायची म्हणजे स्वतःच्या खुर्चीचा पाय कापायचा. हुकूमशाही नको आणि शिस्त हवी, ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर कोरियाचं उत्तर उपयोगी पडत नाही.

तिसरा निर्णय: दुष्काळात

विस्ताराची यंत्रं बसून पुरते दोन हंगाम झाले नव्हते तोच 2002 नंतरचा दुष्काळ आला, आणि त्याच्या जोडीला उसावर लोकरी मावा ही कीड. राज्याचं साखर उत्पादन 2002-03 मध्ये साठ लाख टनांच्या वर होतं, ते 2004-05 मध्ये पंचवीस लाखांच्या खाली उतरलं. चांगले चांगले कारखाने गारद झाले, आमच्याची काय कथा. सुरुवातीला सांगितलेली नोंदवही याच काळातली. शेवटच्या हंगामात कारखाना पन्नास दिवसही चालला नाही.

आता पर्याय असे होते: अवसायनात काढणं, म्हणजे संस्था गुंडाळणं, भाडेतत्त्वावर दुसऱ्या कारखान्याला चालवायला देणं, किंवा कर्जाचं पुनर्गठन करून पुन्हा हमी देणं. मी तेव्हा अभिप्राय दिला होता भाडेतत्त्वाचा. दोन सक्षम कारखान्यांनी तोंडी तयारी दाखवली होती. सभासदांचा ऊस गाळला गेला असता, मालकी सहकारी राहिली असती, भाड्यातून बँकेचं थोडं थोडं फिटलं असतं. अडचण एवढीच की त्यात विद्यमान मंडळाला काम उरत नव्हतं.

झालं पुनर्गठन. हप्ते लांबवले, व्याजाचं कर्जात रूपांतर केलं, हमी नव्याने दिली. सोबत अटी होत्या, आणि चांगल्या होत्या: खर्चात कपात, दरमहा आढावा, गाळपाचं किमान उद्दिष्ट, नोकरभरती बंद. एकूण अकरा. पहिल्या वर्षी त्यातल्या दोन पाळल्या गेल्या. आढावा बैठक तीनदा झाली, नंतर थांबली. उद्दिष्ट हुकल्यावर काय, हे बाराव्या अटीत यायला हवं होतं. बारावी अट नव्हती.

निष्पत्ती

दुष्काळ संपून पाऊस परतला, ऊस पुन्हा वाढला, पण तोवर कारखान्याचं नक्तमूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम, पार उणे झालेलं होतं. आधी प्रशासक आला, मग गाळप बंद. शेवटी बँकेने 2002 च्या सिक्युरिटायझेशन कायद्याखाली मालमत्ता ताब्यात घेऊन विकली. खासगी कंपनीने घेतली आणि ती आज तो चालवते. ऊस येतो, कारण आता झोनबंदी, म्हणजे राखीव ऊस क्षेत्राचं बंधन, नाही आणि ट्रक कुठूनही येतात. बिलं पूर्वीपेक्षा वेळेवर मिळतात, हे मान्य करायला हवं. सभासदांच्या शेअरचे दाखले मात्र कुठल्याच हिशोबात उरले नाहीत. ऊसबिलातून कापलेल्या ठेवींचंही तेच.

विक्रीनंतर मी एका जुन्या सभासदाच्या घरी गेलो होतो. त्यांनी दाखला फ्रेम करून लावला होता. मी सहानुभूतीचं काहीतरी बोललो, तर ते म्हणाले, "बुडाला ते खरं. पण त्याच्याआधी आमच्या गावाला डांबर नव्हतं बघा. पोरगी कारखान्याच्या शाळेत शिकली, आता नर्स आहे. ते कुठल्या खात्यात धरता तुम्ही?" लेखापरीक्षणाच्या नमुन्यात त्याला रकाना नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. कालव्याच्या वितरिका अजून पूर्ण नाहीत, हे त्यांनी मला सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

चोरी झाली म्हणून कारखाना बुडाला, असं ऐकायला लोकांना आवडतं. थोडीफार उधळपट्टी होती. सहकार कायद्याच्या कलम 83 ची चौकशीही झाली. पण ती सगळी रक्कम परत आणली असती तरी अडीच हजार हेक्टर ऊस उगवला नसता.

मला जे बदलावंसं वाटतं ते पैसे सोडण्याच्या क्षणाशी निगडित आहे. राज्याची ताकद पैसे देण्याआधी असते, दिल्यावर ती दुसऱ्याच्या हातात जाते. म्हणून भागभांडवलाचा हप्ता चिमणीशी नव्हे, पाण्याशी बांधायला हवा होता. हमी पूर्ण रकमेची देण्याऐवजी दरवर्षी आपोआप कमी होणारी असती, तर बँकेने स्वतःच गव्हाणीत डोकावून पाहिलं असतं. पुनर्गठनाच्या आदेशातच 'सलग दोन हंगाम उद्दिष्ट हुकलं तर भाडेतत्त्व, वेगळ्या मंजुरीची गरज नाही' असं असतं, तर कुणालाच कुणावर कारवाई करण्याचं धैर्य गोळा करावं लागलं नसतं. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर मी 'क' द्यायला हवा होता, पहिल्याच वर्षी, जेव्हा खड्डा लहान होता.

अलीकडे अडचणीतल्या कारखान्यांना राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जं राज्याच्या हमीवर मिळू लागली, तेव्हा खात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. जुन्या पुनर्गठनाच्या आदेशातल्या अटींचा मसुदा माझ्याकडे आहे का, संदर्भाला हवा होता. मी अकरा अटी पाठवल्या आणि विचारलं, "अट मोडली तर काय, हे तुमच्या मसुद्यात कुठे आहे?"

"आहे ना सर," तो म्हणाला. "शेवटच्या ओळीत. 'शासन उचित निर्णय घेईल.'"